डावं-उजवं बंद

क्रेनची केबिन काढायची असं कारखान्यात ठरलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, म्हणूनच बहुधा विचारलं नसेल. माझा राग नाकावर असतो हे दुर्गजवळच्या हथखोजच्या आमच्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

तिथे मी क्रेन चालवते. शेडच्या दोन्ही लांब भिंतींवर उंच रूळ, रुळांवर आडवा लोखंडी पूल, पुलाला लटकलेला हुक, आणि पुलाच्या टोकाला अडकवलेली काचेची छोटी खोली. ती केबिन. शिडीने वर चढायचं, दार लावायचं आणि बसायचं. खाली गर्डर जोडणाऱ्यांच्या पिवळ्या टोप्या दिसायच्या, लोखंडाचे ढीग दिसायचे, त्यांच्यामधल्या वाटा दिसायच्या. खाली मी कुणाची दीदी, कुणाची मॅडम, आणि पाठ फिरली की आणखी काय काय असेन. वर गेले की मी नुसती क्रेन होते. माझं लग्न टिकलं नाही, क्रेन टिकली. तेव्हा तीच हातातून जायची वेळ आली म्हटल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

आता रिमोट आले होते. चपटा डबा कमरेला बांधायचा, आणि लोडच्या मागे मागे जमिनीवरून चालत बटणं दाबायची. शेडमध्ये दोन क्रेन आहेत, त्यांतली एक आधी बदलली आणि माझी मागून बदलायची होती. बदल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जवळून लोड चांगला दिसतो, आणि उन्हाळ्यात केबिनमध्ये माणूस भाजून निघतो. पण पहिल्याच सकाळी त्या बदललेल्या क्रेनचा रिमोट बांधून मी पत्र्यांची एक मोळी उचलली, तिला वळसा घालून पलीकडे गेले, डावं बटण दाबलं, आणि मोळी उजवीकडे निघाली. रंगाचं पिंप आडवं झालं. साखळ्या अडकवणारा आमचा खलासी उडी मारून मागे सरला म्हणून बचावला. हिरवा रंग माझ्या बुटांपर्यंत वाहत आला.

चूक कुठे होती ते मला तेव्हाच कळलं होतं. केबिनमध्ये माझं तोंड कायम एकाच बाजूला असायचं, तिथे डावं ते डावंच. जमिनीवर मी लोडभोवती फिरणार. मी वळले की माझं डावं बदलतं, बटणाचं बदलत नाही. कळणं आणि अंगठ्याला कळणं यांत मात्र फार अंतर असतं.

सुपरवायझर वयाने माझ्याहून लहान. तो पिंपाकडे बघत म्हणाला, "दीदी, ये तो मोबाइल गेम जैसा है. नए लड़के झट से सीख जाते हैं. आपने कभी खेला नहीं न, इसलिए." मग त्याने सांगितलं की पुढच्या शनिवारी ट्रायल. जमलं तर क्रेन तुमची, नाही जमलं तर स्टोअरमध्ये गेटपासच्या टेबलावर बसा. "पंखा है, आराम है," हेही वर सांगितलं.

आराम सुचवणाऱ्या माणसाचा मला जेवढा राग येतो तेवढा शिव्या देणाऱ्याचा येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. स्कूटीवर बसले आणि मोबाइलवर गेम शोधायला लागले. गेमसारखं आहे म्हणतोस ना, मग गेमच शिकते. गाड्या पळवायचे, गोळ्या झाडायचे, फळं कापायचे असे पुष्कळ होते. एकाचं चित्र बघून थांबले. वरून दिसणारं गोदाम, भिंती, खोकी आणि एक बुटका माणूस. माझ्या केबिनमधून दिसणारा शेडच होता तो, फक्त जास्त स्वच्छ.

नियम अगदी साधा. बुटक्याने खोकी ढकलत ढकलत ठिपक्यांवर नेऊन ठेवायची. एका वेळी एकच खोकं. ढकलता येतं, ओढता येत नाही. उचलायचं तर नावच नको.

मला वाटलं, हा तर हातचा मळ. इतकी वर्षं वरून बघून माल हलवते आहे, हा बुटका मला काय शिकवणार? पहिल्या दोन-तीन पायऱ्या झाल्या आणि मग जी अडकले ती अडकलेच. माझी खोड अशी की कुठलंही खोकं दिसलं की आधी ते भिंतीला लावायचं. आमच्या कामात तोच धर्म आहे. माल भिंतीला, वाट मोकळी. वाटेत माल ठेवला तर बोलणी बसतात. पण या गेममध्ये भिंतीला लागलेलं खोकं भिंतीचंच होऊन जातं, कारण त्याच्या मागे जाऊन उभं राहायला जागाच उरत नाही. कोपऱ्यात गेलं तर संपलंच. मी एकेक खोकं नीट, शिस्तीत, भिंतीला लावत होते आणि दर वेळी हरत होते. स्क्रीनवर अक्षरं यायची: पुन्हा प्रयत्न करा. असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

स्मृति नगरच्या घरी संध्याकाळी तेच चालू होतं. बाबा समोर खुर्चीत बसले होते. आईवडील आणि मी असे तिघंच आम्ही घरात राहतो.

"काय करून राहिली वं मघापासून?" बाबांनी विचारलं.

"खोके ढकलून राहिली."

"मंग चिडून कोनावर राहिली?"

"खोक्यावरच. भिंतीले लावलं का निंघतच नाही."

"लावलंच कावून भिंतीले?"

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, दुर्ग लाइनीवरच्या यार्डात, शंटिंगला. म्हणजे मालगाडीचे डबे इंजिनाने ढकलून, ओढून, या रुळावरून त्या रुळावर लावायचे. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन जवळ घेतली, बराच वेळ काहीच दाबलं नाही. मी म्हटलं, हात लावल्याशिवाय कसं कळेल? त्यांनी मला हातानेच गप्प केलं.

"तू खोक्याकडं पाहून राहिली," ते शेवटी म्हणाले. "खोकं कुठी न्यायचं हाये थे त दिसूनच राहिलं. ढकलनारा कुठी उभा राहीन, थे पाय पयले. मांगं जायची वाट बंद केली का खेळ खतम." आणि त्यांनी ते खोकं ठिपक्याच्या उलट दिशेला ढकललं. मी ओरडले. मग बुटक्याला मागून फिरवून आणला, आणि खोकं सरळ ठिपक्यावर.

मला एक चाल मागे घ्यायचं बटण सापडलं होतं, त्याचं मी कौतुक सांगायला गेले. बाबांनी ऐकूनही घेतलं नाही. "थे बटन वापरू नोको. तुह्या क्रेनले हाये का थे?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही." रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बाबांचं यार्ड सुटत नाही, हे तिचं जुनं दुखणं. आणि ते खरंच आहे. यार्डात डावं-उजवं कोणी म्हणत नसे. इंजिन कधी या तोंडाने, कधी त्या तोंडाने. कोणाचं डावं धरायचं? म्हणून दिशांना गावांची नावं. इकडे दुर्ग, तिकडे रायपूर. दुसऱ्या दोन बाजूंपैकी उत्तरेला बाबा धमधा म्हणतात, तेही गावच, आणि दक्षिणेला लाइन, म्हणजे रेल्वे लाइनीची बाजू. हे सगळं ते घरी घेऊन आले. आमच्याकडे चष्मा टेबलाच्या दुर्ग बाजूला असतो. पाहुण्याला बाबा सांगतात, जरा रायपूरकडे सरका. न्हाव्यालाही त्यांनी एकदा धमध्याकडचे केस जास्त राहिले म्हणून सांगितलं होतं. तो बिचारा बिलासपूरचा, नुसता बघतच राहिला.

मला या बोलण्याचा लहानपणापासून वीट यायचा. शाळेतल्या मैत्रिणींसमोर लाज वाटायची.

त्या संध्याकाळी मात्र मी त्यांना पिंपाची गोष्ट सांगितली. घरी सांगणार नव्हते, पण सांगितली. गेममध्ये वरून दिसतं, जमतं. खाली उतरलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि शनिवारी नाही जमलं तर मी टेबलावर. आणि टेबलावर मी मरून जाईन, असंही म्हणाले. आवाज थोडा चढला असेल. आई हात पुसत बाहेर आली.

बाबांनी एकच विचारलं. "तुह्या शेडमंदी दुर्ग कोनीकडं हाये?"

मला सांगता आलं नाही. मी स्वतःचं आडनाव विसरले असते तरी बाबांनी माझ्याकडे तसं पाहिलं नसतं.

रविवारी विहारातून आलो आणि बाबांनी अंगणात खडूने आखायला सुरुवात केली. गेमच्या ज्या पायरीवर मी अडकले होते तीच, मोबाइल बघून, फरशीफरशीने. खोकी म्हणून आईचे डबे: पिठाचा, पोह्यांचा, तुरीच्या डाळीचा आणि तांदळाचा मोठा. बुटका म्हणजे मी. टीव्हीचा रिमोट ओढणीने माझ्या पोटाला बांधला. त्याच्यावर चार बाणांची बटणं असतात, तर बाबांनी त्यांच्यावर औषधाच्या पेटीतली पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं: दु, रा, ध, ला.

"आता डावं-उजवं बंद," ते म्हणाले. "बटन दाबाचं, गावाचं नाव घ्यायचं, मंग ढकलाचं. चुकली का पयल्यापासून."

"रिमोट सिरियलच्या आंदी वापस पायजे," आई म्हणाली.

सोपं वाटत असेल तर करून बघा. तोंड घराकडे असेपर्यंत मी राणी होते. डब्याला वळसा घालून तोंड गेटकडे झालं की अंगठा आपोआप जुन्या बाजूला जायचा. "ठैर!" बाबा खुर्चीतून ओरडायचे. डबे परत जागेवर. तांदळाचा डबा ढकलता ढकलता माझी कंबर मोडली. मी कुरकुरले की फरशीला उतार आहे, डबा वाकडा जातो, तर आई लगेच म्हणाली, "हो वं माय, नाचता येईना अंगण वाकडं." आणि तिचं सगळं लक्ष डब्यांच्या बुडांकडे. घासली गेली तर नवे आणून देशील का, असा दम तिने मला दोनदा भरला.

शेजारच्या वहिनी गेटपाशी थांबल्या. खडूच्या रेघा, मध्ये डबे, चारी बाजूंना तोंड करून काहीतरी पुटपुटणारी मी. त्यांनी बाबांना आदराने विचारलं, "भाई साहब, वास्तु दिखवा रहे हैं क्या?"

बाबांनी जन्मात मुहूर्त पाहिला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा पंचांग काढणाऱ्या पाहुण्याला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "शंटिंग!" ते गरजले. वहिनी घाईघाईने निघून गेल्या. मी आणि आई इतक्या हसलो की आईला पायरीवर बसावं लागलं.

हसून झाल्यावर मी परत रेघेवर उभी राहिले. मला ते येतच नव्हतं, आणि आल्याशिवाय मी आत जाणार नव्हते. बाबांनी मग पद्धत बदलली. डोळे मीट म्हणाले, मला खांद्याला धरून फिरवलं, आणि विचारलं, "धमधा?" मी हात केला. चुकला. पुन्हा फिरवलं. "लाइन?" तोही चुकला. कधी तरी गाडी गेली आणि तिचा आवाज माझ्या पाठीवर आला. लाइन पाठीमागे आहे हे मला डोकं न लावता कळलं. तिथून पुढे जरा जरा बसायला लागलं. मी कुठेही तोंड करून उभी असले तरी दुर्ग हलत नाही. हलते ती मी. एवढी साधी गोष्ट आहे, पण अंगात उतरायला अख्खं दुपारपर्यंतचं ऊन लागलं. शेवटचा डबा खडूच्या ठिपक्यावर नेऊन ठेवला तेव्हा बाबांनी शाबासकी वगैरे दिली नाही. "आता उद्या शेडमंदी पाय," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

शेडमध्ये सोमवारी मी आधी दुर्ग शोधला. मोठं दार आहे ती दुर्गची बाजू निघाली, माझी क्रेन उभी असते ती रायपूरची. रोज त्या दारातून आत येत होते आणि माहीत नव्हतं. चारही बाजूंच्या खांबांवर खडूने नावं लिहिली. खऱ्या रिमोटवर पट्ट्या चिकटवल्या. सुपरवायझर म्हणाला, "ये कौन सी रेलगाड़ी चला रही हो दीदी?" मी म्हटलं, शनिवारी सांगते. रोज जेवणाच्या सुट्टीत रिकामा हुक घेऊन मी शेडभर फिरायचे. दुर्ग, थांब. धमधा, थांब. वेल्डिंगची मुलं डबे उघडून बघत बसायची, कोणी शिट्टी मारायचा. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त तो खलासी, जो पिंपाच्या दिवशी वाचला होता, पहिल्या दिवशी लांब उभा राहिला. मग हळूहळू जवळ येऊन हुक धरायला लागला.

शनिवारी गेले तर माझी केबिन जमिनीवर होती.

ठेकेदाराच्या माणसांनी सकाळीच साखळीकप्पीने ती उतरवून ठेवली होती. सुपरवायझरने सांगितलं, हाच ट्रायलचा लोड. इथून उचलायचा, पूर्ण शेड पार करायचा, आणि दारातल्या ट्रकवर ठेवायचा. मला वाटलं, हा मुद्दाम करतो आहे. तसं काही नव्हतं. ठेकेदाराला तोच दिवस मिळाला होता. मी केबिन बाहेरून, अशी समोर उभी राहून, कधी बघितलीच नव्हती. किती लहान होती ती. काचेच्या आत माझी खुर्ची, खुर्चीवर माझी फाटलेली गादी.

शेडच्या मध्यावर अर्धवट जोडलेले गर्डर आडवे पडले होते. सरळ वाट नव्हती. आधी दुर्गकडे, मग धमध्याच्या भिंतीशी, तिथून पुन्हा दुर्ग, आणि ट्रकजवळ लाइनीकडे.

मी रिमोट बांधला आणि बटणाला हात न लावता चालायला लागले.

"क्या हुआ दीदी? लोड इधर है," सुपरवायझर म्हणाला.

"मैं कहाँ खड़ी रहूँगी, वो देख रही हूँ."

पूर्ण वाट मी मोकळ्या हाताने चालून आले. कुठे मी लोडच्या मागे असेन, कुठे बाजूला, कुठे तोंड फिरेल, कुठे माझ्या मागे गर्डर येईल आणि मी स्वतःच कोपऱ्यात अडकेन. मग परत आले, खलाशाने साखळ्या लावल्या, आणि मी केबिन उचलली.

दुर्ग. दुर्ग. ती माझ्यासमोर चालली होती, थोडी झुलत. गर्डरांपाशी मला पलीकडून वळसा घ्यावा लागला, आणि तिथे माझं तोंड रायपूरकडे झालं. केबिन आता भिंतीकडे न्यायची. अंगठा डाव्या बाजूला गेला. गेला, टेकला, आणि मी तो उचलला. दाबला नाही. मी मोठ्याने म्हटलं, "धमधा," आणि ध दाबला. केबिन अलगद भिंतीकडे सरकली. कोणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

ट्रकपाशी पोचलो तेव्हा वर चढलेला खलासी हात हलवून सांगत होता, "थोड़ा लाइन, दीदी. और थोड़ा लाइन. बस. अब दुर्ग." त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी सोडत गेले, इंच इंच, आणि केबिन ट्रकच्या फळ्यांवर टेकली. साखळ्या सैल पडल्या.

"ठीक है," सुपरवायझर म्हणाला. "क्रेन आपकी." आणि कागदावर सही करायला निघून गेला.

मला रडू येत होतं. जिंकले म्हणून नाही. त्या काचेच्या खोलीत मी जी होते, ती आता कुठेच असणार नव्हती, आणि तिला मीच नेऊन ट्रकवर ठेवलं होतं. मुलं बघत होती, तरी मी रडू अडवलं नाही. हुक अजून केबिनवर लोंबत होता आणि खाली माणसं होती, म्हणून दोन्ही अंगठे बटणांवरून काढता आले नाहीत. डोळे तसेच वाहू दिले. खलाशाने साखळ्या सोडवल्या आणि हात वर केला. पुढचा लोड रायपूरच्या टोकाला थांबलेला होता. मी हुक वर घेतला आणि त्याच्या मागे चालायला लागले.